अडीच बादल्या कडक पाणी

क्वीन्सटाउन, सिंगापूर
१२ जून २००५

प्रिय सरलास,
सप्रेम जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? चढताना दुखतो की उतरताना, ते नीट लिही. मागच्या वेळी नुसतं ‘आहे तसाच’ लिहिलंस, त्यावरून डॉक्टरला काय सांगायचं? विश्वास मास्तरांचा खोकला कमी झाला का? त्यांची सून आणि नातू बरे आहेत ना? तू तिला न्हाऊ घालायला जातेस, तेव्हा रस्त्यातल्या त्या फुटक्या फरशीवरून सांभाळून जा. एकडोळी मांजर जेवते का? आणि आपला बंब? त्याच्या तोटीला सुतळी गुंडाळली होती, ती सुटली असेल तर मला कळव. तू हात लावू नकोस.

इकडे सगळे ठीक. सुगत ऑफिसातून आला की तासभर बोलत नाही, आणि मग बोलायला लागला की थांबत नाही. तुझ्यावर गेलाय. अंजलीला सातवा संपत आला. पाय थोडे सुजतात, तरी रोज अलेक्झांड्राच्या प्रयोगशाळेत जाते. डॉक्टरांनी ऑगस्टचा शेवटचा आठवडा सांगितलाय. माझा इथे राहण्याचा पास पंचवीस ऑगस्टपर्यंत आहे. बाळानं आजोबांची मुदत पाहून यावं, एवढंच माझं म्हणणं.

आता मुख्य बातमी. बाथरूममधला गिझर गेला. आपोआप गेला. घर भाड्याचं, गिझर घरमालकाचा, वीस वर्षांचा जुना. त्याचं वय झालं होतं असं समज. गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास गेला. घरी मी एकटाच होतो.

नवा घ्यायचा आहे. सुगत म्हणाला, “बाबा, मी इंटरनेटवर बघून मागवतो.” मी म्हटलं, बत्तीस वर्षं मिलच्या बॉयलर हाउसात काढलेल्या माणसाच्या घरात गिझर इंटरनेटवर बघून येणार? चौथी शिकलेल्या माणसाला सरकारनं बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट दिलंय, ते काय लोणच्याच्या बरणीवर झाकायला? निवड मी करणार, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

तुझ्याकडून एकच माहिती हवी. बाळंतिणीच्या आंघोळीला पाणी किती लागतं? बादल्यांत सांग, मी लिटर करून घेईन. तू ऑगस्टमध्ये येशील तेव्हा सगळं तयार पाहिजे. इथे हिवाळा नाही, लोक गार पाण्यानं अंघोळ करून पळतात, पण बाळंतिणीला ते चालायचं नाही.

तुझा,
भाऊसाहेब


नागपूर
२४ जून २००५

अहो,
सप्रेम जय भीम.

गुडघा चढताना दुखतो, उतरताना दुखतो, आणि तुमचं पत्र वाचताना हसून हसून पोट दुखतं. मास्तरांचा खोकला आहे, पण ओरडायला आड येत नाही. त्यांची सून बरी. नातू गुटगुटीत झालाय, मालिश करताना माझ्या तोंडावर नेम धरतो. मांजर जेवते, तुमच्या खुर्चीवर झोपते. बंबाची सुतळी सुटली होती, मीच बांधली. लावला हात. आता काय करता?

गिझर ‘आपोआप’ गेला म्हणता. बरं. ‘घरी मी एकटाच होतो’ हेही लिहिलंत. मला फक्त एवढं सांगा, त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता पेचकस कुठे होता? आपला रेडिओ आपोआप गेला तेव्हा तुम्ही घरी एकटेच होतात. मिक्सर गेला तेव्हाही. शिलाई मशीन तर बिचारं चालता चालता गेलं, आणि तुम्ही म्हणालात, ‘आत साफ केलं फक्त.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरमालक कसा माणूस आहे? त्याला तरी खरं सांगा.

पाण्याचं विचारलंत ते सांगते. दोन बादल्या कडक बाळंतिणीला. अर्धी बाळाला, ती वेगळी, कोपर बुडवून बघायची. आधी तेल मुरू द्यायचं. कमरेवर पाणी तांब्यानं ओतायचं आणि धार तुटू द्यायची नाही. मधेच पाणी गार झालं तर बाळंतिणीची कंबर जन्मभर आठवण ठेवते. म्हणजे अडीच बादल्या, आणि तेही एका दमात. भिंतीवरच्या डब्यातून करंगळीएवढी धार येते म्हणे तिकडे. त्या धारेत बाळंतीण न्हायची तर बाळ शाळेत जायला लागेल.

राहता राहिलं माझ्या येण्याचं. मी येणार हे कोण म्हणालं? सुगतनं फोनवर सांगितलं, ‘आई, तू ये, पण काम काही करायचं नाही, आम्ही महिनाभर घरी राहून बाळंतिणीचं करणारी बाई ठरवतोय.’ तुम्ही पत्रात सांगता, ‘तू येशील तेव्हा.’ सांगणारे दोघेही न्हाणार नाहीत. या वस्तीतल्या चाळीस बाळंतिणी माझ्या हातून न्हाल्या, पण प्रत्येकीनं आपल्या तोंडानं विचारलं, ‘मावशी, याल का?’ न विचारता मी कोणाच्या न्हाणीत पाय टाकला नाही. तिकडे बाई ठरली असेल तर माझं तिकडे काय काम? पाहुण्यासारखी सोफ्यावर बसून नातवंड बघायचं, तर फोटो पाठवा, तेवढं पुरे.

जास्त काय लिहू. अंजलीला म्हणावं, रात्री पाय उशीवर ठेव आणि खारट कमी खा.

सरला


क्वीन्सटाउन, सिंगापूर
५ जुलै २००५

प्रिय सरलास,
सप्रेम जय भीम.

पेचकस माझ्या हातात होता. झालं समाधान?

पण तूच सांग, वीस वर्षांत एकदाही उघडून न पाहिलेला बॉयलर भिंतीवर लटकतोय आणि खाली माझी सून उभी राहून अंघोळ करते. मी कसा झोपू? बॉयलरची वार्षिक तपासणी झालीच पाहिजे, हा कायदा आहे. मी मेन स्विच बंद केला, पाणी बंद केलं, बुडाची चकती खोलली. आत चार बोटं गंज. वायसर हातात आलं ते भुग्यासारखं. परत बसवलं, तर टाकी पावसाळी छपरासारखी टपटपायला लागली. म्हणजे मी मारला नाही, मी फक्त त्याचा आजार उघडा केला.

तुझं ऐकून घरमालकाला खरं सांगितलं. त्यांचं नाव मिस्टर लिम. वय त्र्याहत्तर, बाजूच्याच ब्लॉकमध्ये मुलाकडे राहतात. माझं इंग्रजी बॉयलरपुरतं. मी म्हटलं, “मिस्टर लिम, आय ओपन फॉर इन्स्पेक्शन.” ते गिझरकडे बघून, इथल्या सगळ्यांसारखं शेवटी ‘लाह’ लावून म्हणाले, “आय नो लाह. स्क्रू ऑल सो शायनी.” वीस वर्षांचे गंजलेले स्क्रू मी पुसून चकचकीत केले होते, त्यावरूनच त्यांनी पहिल्या दिवशी ओळखलं होतं. बोलले नाहीत, मी कधी सांगतो ते बघत होते. मग मला विचारलं, “व्हाय इन्स्पेक्शन?” मी छातीवर हात ठेवून म्हटलं, “बॉयलर अटेंडंट. थर्टी टू इयर्स.” सरला, त्या माणसानं माझा हात धरला आणि सोडेना. ते वाफेच्या जहाजावर एंजिन रूममध्ये फायरमन होते! आधी कोळसा, नंतर तेल. आता आम्ही रोज संध्याकाळी भेटतो. परवा मला हार्बरफ्रंटला घेऊन गेले. दोघं बाकावर बसून जहाजं बघत होतो. एकालाही धूर नाही. ते म्हणाले, “नो स्मोक, नो...” पुढचा शब्द त्यांना इंग्रजीत सापडला नाही. मलाही नाही. पण कळलं.

गिझरची निवड आम्ही दोघं मिळून करतोय. पाया लेबारला एक दुकान आहे, तिथे गेलो. दुकानदार पोरगेला, भिंतीवर पन्नास डबे. पहिलाच डबा दाखवला, बटण दाबलं की लगेच गरम पाणी, टाकीच नाही. म्हणाला, “अंकल, धिस वन बेस्ट. एव्हरीबडी टेक.” मी धार बघितली. तुझी करंगळी आठवली. नको म्हटलं. मग टाकीवाले काढले. मी विचारलं, पाण्याची काच कुठे आहे? त्याला कळेना. आत पाणी किती आहे हे ज्या बॉयलरला बाहेरून दिसत नाही त्याच्यावर मी विश्वास कसा ठेवू? तो म्हणाला, “अंकल, नो नीड लाह, ऑटोमॅटिक.” मी लिमकडे पाहिलं, लिमनं माझ्याकडे. आमच्या दोघांच्याही आयुष्यात ‘ऑटोमॅटिक’ म्हणणाऱ्या माणसांनीच सगळे घोटाळे केलेत. उठून आलो. तीन दुकानं झाली. चौथ्यात आम्हाला बघून शटर खाली घेत होते, असं लिम म्हणतात. थट्टा करत असतील.

आता एक पंचाईत. मिसेस लिम म्हणतात, बाळंतिणीनं महिनाभर अंघोळच करायची नाही! केससुद्धा धुवायचे नाहीत, अंगात वारं शिरतं. त्यांच्याकडे तशीच रीत आहे. सुगतनं पाहिलेली बाईही त्याच रीतीची. म्हणजे गिझर घ्या कशाला, असा सवाल. मी मिसेस लिमना तुझ्या अडीच बादल्या सांगितल्या, तर त्यांनी तोंडावर हात ठेवला.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे जेवताना मोठ्यानं वाचलं. पेचकसावर सुगत ठसका लागेपर्यंत हसला. अंजली हसली नाही. ताट उचलता उचलता म्हणाली, “बाबा, ती ‘आपल्या तोंडानं’वाली ओळ परत वाचा ना.” मी वाचली. मग ती बराच वेळ भांडी घासत होती. चारच भांडी होती.

तुझा मुद्दा मला पोचला आहे. धार चांगली हवी, पाणी एका दमात हवं. तसा गिझर मिळाल्याशिवाय तू येणार नाहीस, हे मी समजलो. काळजी करू नकोस, मी शोधतो.

तुझा,
भाऊसाहेब


क्वीन्सटाउन
७ जुलै २००५

ती. आईंना,
सप्रेम जय भीम.

बाबांच्या पाकिटात हे पत्र घालणार होते, पण ते पाकीट बंद करून पोस्टात टाकूनही आले. म्हणून वेगळं लिहितेय. मराठीत पत्र लिहून दहा वर्षं झाली, चुका झाल्या तर हसा, पण बाबांना वाचून दाखवू नका.

तुमची तब्येत कशी आहे? गुडघ्याला शेक देता का? मी रात्री पाय उशीवर ठेवते. खारट कमी केलंय. हॉकर सेंटरमधलं सूप बंद केलं, त्याचं फार वाईट वाटतं.

बाबांना वाटतंय तुमचा प्रश्न गिझरचा आहे. सुगतला वाटतंय तिकिटाचा आहे. मला तुमचं पत्र ऐकताना कळलं की प्रश्न माझा आहे.

आई, मी विचारलं नाही, कारण माझी हिंमत झाली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा नागपूरला आले, तेव्हा तुम्ही कोणाला तरी न्हाऊ घालून आला होतात. ओट्यावर बसलात, दोन्ही तळहात पुढे धरून बघितलेत आणि म्हणालात, “बस झालं. आता हे हात थकले. आता कोणाचं करणार नाही, राणीची सून असली तरी.” मी दारात उभी होते. तेव्हाच मनात खूणगाठ बांधली की यांच्याकडे कधी काही मागायचं नाही. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. ती असेपर्यंत मला काही मागावं लागलं नाही, म्हणून मागायची सवयच नाही. ती बाई मीच शोधायला सांगितली, म्हणजे तुमच्यावर भार नको.

तिला आज नाही म्हणून कळवलं.

आता माझ्या तोंडानं विचारते. आई, याल का? मला न्हाऊ घालायला?

तुम्ही नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही. पण बाबा रागावतील, कारण ते आणि मिस्टर लिम आता पाचव्या दुकानात जाणार आहेत.

तुमची,
अंजली


नागपूर
१९ जुलै २००५

चि. अंजलीस,
अनेक आशीर्वाद. जय भीम.

तुझं पत्र पोस्टमननं दिलं तेव्हा माझे हात तेलाचे होते. मास्तरांची सून पाटावर बसलेली. तिला म्हटलं, तू वाच. ती मोठ्यानं वाचत गेली आणि मी तिच्या पाठीला तेल चोळत गेले. ‘याल का’ आलं तिथे ती थांबली आणि म्हणाली, “मावशी, जरा हळू चोळा, साल निघेल.”

वेडे पोरी, ‘आता हे हात थकले, आता कोणाचं करणार नाही’ हे मी प्रत्येक बाळंतिणीनंतर म्हणते! पहिली न्हाली ती एकाहत्तर साली, तेव्हापासून म्हणत आलेय. इथे कोणी ते ऐकतसुद्धा नाही. सुगतनं जन्मभर ऐकलं असेल, त्याला विचारायचं होतंस. नाहीतर नको, त्याला काय ठाऊक असणार. आणि ‘राणीची सून’ म्हणाले असेन. तू माझी सून. राणी कुठे आली त्यात?

माझंही चुकलं. मी इथे बसून तुझ्या विचारण्याची वाट बघत होते, आणि तू तिथे बसून माझ्या हातांवर दया करत होतीस. दोघी शहाण्या.

येते. चौदा ऑगस्टच्या आत येते. सुगतला म्हणावं तिकीट आणि व्हिसाचं बघ. पासपोर्टची काळजी करू नका, तो मी एप्रिलमध्येच काढून तांदळाच्या डब्यात ठेवलाय. तुझ्या सासऱ्यांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे, गिझरमुळे आले.

खाली त्यांच्यासाठी चार ओळी लिहिते, त्या तेवढ्या वाचून दाखव.

अहो, पाण्याची काच विसरा. घ्यायचाच तर असा घ्या, जो उद्या बिघडला तर दुरुस्त करायला त्याच गावात माणूस मिळेल. आणि जरा लवकर. बाळ पाचव्या, सहाव्या, सातव्या दुकानाची वाट बघणार नाही. लिमबाईंना सांगा, वारं शिरतं हे त्यांचं खरं आहे. म्हणूनच तर आपण दार लावून न्हाऊ घालतो.

सरला


क्वीन्सटाउन, सिंगापूर
१ ऑगस्ट २००५

प्रिय सरलास,
सप्रेम जय भीम.

घाईत लिहितो. गिझर लागला! मी म्हणालो होतो ना, चांगला गिझर मिळाला की तू येशील? अंजलीला म्हटलं, बघ, मी तुझ्या सासूला चाळीस वर्षं ओळखतो. ती वळून सुगतकडे बघून हसली. त्याला काही कळलं नाही.

पस्तीस लिटरची टाकी, आतून काचेसारखा मुलामा. तेव्हा पाण्याची काच बाहेर नसली तरी आत आहे, असं लिमनी मला समजावलं. लिमनी प्रत्येक टाकीवर बोटाचं पेर वाजवून आवाज ऐकला. तुझी ओळही त्यांना सांगितली. त्यांनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, “स्पॉइल, हू कम?” बिघडला तर कोण येणार? तो म्हणाला, “माय फादर, अंकल. ही स्टे अपस्टेअर्स.” वर जाऊन त्या बापाला भेटलो. साठीचा माणूस, नखात काळं. आम्ही दोघांनी नखं बघितली आणि म्हटलं, घ्या हाच. लायसनवाल्या इलेक्ट्रिशियननं बसवला, मी स्क्रूला हात लावला नाही. लावू दिला नाही.

सत्तर अंशांवर पाणी तापलं की त्यात गार मिसळून अडीच बादल्या बसतात. तीन वेळा मोजलं. सुगतला तीनदा अंघोळ करावी लागली.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. इथले लोक बाहेरचं बटण दाबतात आणि टीव्ही बघायला निघून जातात! चालू बॉयलर सोडून अटेंडंट हलला, तर मिलमध्ये नोकरी जायची. म्हणून बाथरूमच्या दाराबाहेर मी स्टूल ठेवलाय. गिझर चालू असेपर्यंत तिथे बसतो. ब्लॉकखालच्या दुकानातून लांबट वही आणून लॉग बुक आखलंय. रकाने चार: वेळ, लाल दिवा, पाण्याची ऊब, शेरा. खाली अटेंडंटची सही. सुगत म्हणतो, “बाबा, हा गिझर आहे, मिल नाही.” काल रविवारी लिम आले, त्यांनी वही उघडली, पानं वाचली, एक अक्षर कळलं नसेल, आणि उभं राहून सलाम केला.

माझी पंचवीसला मुदत संपते. तोवर बाळ आलं तर पहिलं पाणी मी तापवीन. नाही आलं तर चार्ज तुझ्याकडे. हसू नकोस.

येताना बंबाची तोटी बंद करून ये.

तुझा,
भाऊसाहेब


क्वीन्सटाउन, सिंगापूर
८ सप्टेंबर २००५

अहो,
सप्रेम जय भीम.

प्रवासानं आलेली पायांची सूज उतरली का? जेवता ना वेळेवर? मास्तरांचा खोकला? त्यांचा नातू आता मान धरतो का? मांजरानं तुमची खुर्ची परत दिली की तुम्ही जमिनीवर बसता? आणि बंब? मी सुतळी बांधली होती ती तशीच आहे ना? खरं लिहा.

तुम्ही विमानतळावर सारखे मागे वळून बघत होतात. सुगतला वाटलं, माझ्याकडे बघताय. मला ठाऊक आहे, तुमच्या मनात पहिलं पाणी होतं. पोरगी तेवीसला जन्मली, पंचवीसच्या संध्याकाळी घरी आली, आणि त्याच संध्याकाळी तुमचं विमान. एवढी खटपट केलीत आणि आंघोळ बघायला मिळाली नाही, म्हणून सगळं सांगते. एकही गोष्ट गाळत नाही.

सत्तावीसला सकाळी बटण दाबलं. तेल मी तुमच्या बॅगेत आधीच भरून पाठवलेलं, जवसाचं. अंजलीला पाटावर बसवलं. पहिल्यांदा लाजली, अंग चोरून बसली. मग पाठीला हात लागला तशी सैल झाली. मी विचारलं, दुखतं का? तर म्हणाली, “नाही. चोळत राहा.” पहिली बादली झाली. कडक, जशी हवी तशी. दुसरी भरत होते, आणि बाहेर सुगत ओरडला, “आई, लाल दिवा गेला!”

माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. म्हटलं झालं, पहिल्याच दिवशी गेला, आता कंबर गार पडणार. सुगतला म्हटलं, पळ, लिमना बोलाव. म्हातारा अर्ध्या चड्डीत धावत आला, मागे लिमबाई हातात पातेलं घेऊन. लिमनी दिवा बघितला, गिझरला कान लावला आणि स्टुलावर बसून एवढे हसले, एवढे हसले. दिवा गेला, कारण पाणी तापून झालं होतं! तापलं की दिवा आपोआप जातो. आपोआप, अहो. तुमच्या लॉग बुकात पहिल्याच पानावर लिहिलेलं सापडलं: ‘दिवा गेला म्हणजे पाणी तयार. घाबरू नये.’ ते कोणी वाचलं नव्हतं. वाचणार कोण, मी तर त्या वहीला हसत होते.

दुसरी बादली ओतली. धार तुटू दिली नाही. अंजली रडत होती. मी ओतत राहिले, पाण्यात कोणाला कळतंय. शेवटचा तांब्या ओतला तेव्हा तिनं माझा ओला हात धरला आणि गालाला लावून ठेवला. तेवढ्यात बाळ रडलं म्हणून सोडला.

लिमबाईंनी पातेल्यातून काय आणलं होतं सांगू? आल्याच्या सालींचं उकळलेलं पाणी. त्यांच्यात अंघोळ नाही, पण अगदीच राहवत नसेल तर या पाण्यानं नुसतं अंग पुसतात म्हणे. त्या दाराशी उभ्या, मी आत, भाषा कोणालाच येत नाही. मी हात पुढे केला, पातेलं घेतलं आणि आपल्या बादलीत ओतलं. त्यांनी आधी डोळे मोठे केले, मग मान हलवली. आता रोज सकाळी पातेलं येतं. त्यांचं वारं गेलं, आपली कंबर शेकली. पण बाळाच्या अर्ध्या बादलीत मी आलं घालू देत नाही, तिथे मी कोणाचं ऐकत नाही.

मी न्हाऊ घालत असताना बाहेर बसायला कोणी हवं, म्हणून सुगत कामावर जायच्या आधी स्टुलावर बसतो. तो गेला की मी बसते. परवा माझं मलाच हसू आलं. बटण चालू, मी स्टुलावर, मांडीवर वही, नाकावर चष्मा. अंजली म्हणाली, “आई, आत येऊन बसा ना, पडेल का तो?” मी म्हटलं, “गिझर चालू असताना अटेंडंटनं जागा सोडायची नाही.” मग दोघी एकदमच हसायला लागलो. मेले, शेवटी तुमचा वारा लागलाच मला.

आजचं पान उतरवून देते:

‘६.१० चालू. ६.३५ लाल दिवा गेला, पाणी तयार, घाबरले नाही. ऊब कोपराला बरोबर. शेरा: बाळंतीण न्हाली. बाळ न्हालं, रडलं नाही, जांभई दिली. हात थकले, आता कोणाचं करणार नाही. अटेंडंट, सरला.’

ही ओळ अंजलीनं मला बळंच लिहायला लावली.

आता तुमच्यासाठी काम. बेचाळीस दिवसांच्या आत इथे नाव नोंदवावं लागतं, आणि अंजली म्हणते नाव बाबांनीच ठरवायचं, ज्यांनी पाणी ठरवलं त्यांनी. प्रेशर, टाकी असलं काही सुचवू नका. लॉग बुकात रोज नुसतं ‘बाळ, बाळ’ लिहून रकाना भरत नाही. तेव्हा सगळ्या दुकानांतून फिरत बसू नका. जे पहिलं मनात येईल ते लिहा आणि लगेच पोस्टात टाका. वाट बघते.

सरला